धुळ्यात भूं करणारा सेट

हे लिहायला मला इथल्याच एका वाचकाने भरीस पाडलं. नाहीतर मी या सदरात फक्त वाचणारा. आणि वाचताना हसणारा.

आधी स्वतःबद्दल सांगतो. माझं शिक्षण सातवी पास. आठवीत दिवाळीपर्यंत गेलो, मग शाळा सुटली. लिहिताना चुका होतील, त्या सांभाळून घ्या. काम माझं अँप्लिफायर, रेडिओ, होम थिएटर दुरुस्तीचं. माझा विश्वास मीटरवर. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही — यापलीकडे काही असतं असं मला कधी वाटलं नाही. अमावास्येला लिंबू लोक दारात टाकतात, मी ते उचलून सरबत करणाऱ्यातला. तेव्हा हे जे सांगतोय ते मला पटलंय म्हणून सांगत नाही. मला शंका आहे. दोघा-तिघांवर शंका आहे. पण शंका कुठेच टिकत नाही, म्हणून लिहितोय.

मी राहतो जळगावला. गाव माझं नांदेडकडचं... त्याबद्दल पुढे येईल. सोळाव्या वर्षी यावलला केळीच्या गाड्या भरायला आलो होतो. पाठ धरली, काम सुटलं, आणि जळगावात गफ्फारचाचांच्या दुकानाच्या पायरीवर तीन दिवस बसून होतो. चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "बसलाच आहेस तर हे स्क्रू वेगळे कर. छोटे इधर, मोठे उधर." ते स्क्रू वेगळे करता करता तेरा वर्षं झाली. जेवण, राहायला माळा, हातात कला, सगळं त्यांचं. त्यांच्या घरच्यांनी ईदला मला कपडे केले, दिवाळीला वेगळे केले. हे मी कुठे फेडणार?

चाचा म्हणजे खान्देशात व्हॉल्व्हच्या सेटचे शेवटचे मिस्त्री म्हटले तरी चालेल. व्हॉल्व्ह म्हणजे त्या काचेच्या नळ्या, आत लाल तार पेटते त्या. जुने मंडपवाले, जुनी भजनी मंडळं, आता काही हौशी लोकही असले सेट आणतात. मंडपवाल्यांकडे अँप्लिफायरला सेटच म्हणतात. पण चाचांना मोतीबिंदू, त्यात साखर. नजर अंधुक झालीय. त्यामुळे दोन वर्षांपासून डाग मी देतो — म्हणजे सोल्डरिंग — आणि चाचा शेजारी बसून नुसतं ऐकतात. कानाने सांगतात, "झर्र करतोय, फिल्टर बघ. भूं करतोय, अर्थ बघ."

सेटच्या आवाजाचे हे दोन प्रकार, जरा लक्षात ठेवा. एक झर्र — माशी काचेवर अडकल्यासारखा. दुसरा भूं — जाड, खालचा, पोटात लागणारा. दोन्हीची कारणं वेगळी, दोन्ही शोधायची रीत वेगळी. आणि चाचांचं एकच वाक्य: "बेटा, पहले अर्थ लाव. अर्थ लागला की बाकीचं आपोआप लागतं." अर्थ म्हणजे अर्थिंगची वायर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पुस्तकातला अर्थ लावायला सांगताहेत, आणि मला घाम फुटला होता. शाळा सोडण्याचं ते एक कारण होतंच.

तर गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून एक सेट आला. मालक यशवंत नाना. पांझरा नदीच्या अलीकडे त्यांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं गोडाऊन. धंदा आता बंद, गोडाऊन शिल्लक. सेट चाळीस-पन्नास वर्षं जुना, हिरव्या रंगाचा, उचलायला जड. नानांचं म्हणणं असं, की तापीकाठच्या यात्रेत पूर्वी हाच सेट असायचा, यंदा तो पुन्हा तिथे लावायचा आहे. त्यांची मोठी बहीण, अक्का, मागच्या वर्षी वारली. यात्रेत ती या सेटवर बोलायची. तिच्या वर्षाच्या आत एकदा वाजला पाहिजे.

पहिल्यांदा आला तेव्हा दोन्ही आवाज होते. साहजिक होतं. फिल्टरचे कंडेन्सर फुगलेले. बदलले. सेट शांत. दोन दिवस चालवला, चाचांनी डब्यावर हात ठेवून बघितलं, "सो गया," म्हणाले. धुळ्याला पाठवला.

आठवड्याने नानांचा फोन. भूं करतोय.

परत आणला. जळगावात लावला तर आवाज नाही. तरी मी आतल्या माइकच्या वायरी बदलल्या, नळ्यांतली तार पेटवणाऱ्या वायरींची जोडी पुन्हा पिळून घेतली, सगळे डाग नव्याने दिले. चार दिवस टेबलावर चालू ठेवला. आवाज नाही. परत पाठवला.

नानांचा फोन. भूं करतोय, आणि थोडा झर्रही.

या वेळी नाना जरा वेगळं बोलले. फोन मी स्पीकरवर ठेवला होता, चाचा शेजारीच होते. नाना म्हणाले, "गफ्फारभाई, राग मानू नका. आता तुमची नजर राहिली नाही. तुम्ही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं."

चाचा चष्मा काढून पुसत राहिले. मग मला म्हणाले, "नांदेड," — ते मला नांदेडच म्हणतात, नाव बालाजी असलं तरी — "सेट मागव. या वेळी तू सोबत जा. तिथे लाव, तिथे ऐक. शांत झाला तर ठीक. नाही झाला तर नानाला हात जोडून सांग की गफ्फारच्याने होत नाही. मग आपण व्हॉल्व्हचं काम बंद करू. मिक्सर-कुकर पुष्कळ आहेत."

मी त्या रात्री जेवलो नाही. कारण चाचांच्या नजरेने काही बिघडलं नव्हतं. डाग माझे होते. नाव त्यांचं जात होतं.

सेट आला. जळगावात लावला — चिडीचूप. म्हणून सरळ गोधडीत गुंडाळला आणि एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा करत जाणारी गाडी. सेट मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "काय आहे त्यात?" म्हटलं, जुना सेट आहे. "मग खाली ठेवा की. सासऱ्याला मांडीवर घेतल्यासारखं काय बसलाय?" सगळी गाडी हसली. मी हसलो नाही. धक्क्याने एखादा व्हॉल्व्ह हलला तर उद्या तेच निमित्त होईल, मला एवढंच दिसत होतं.

धुळ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. खाली गोडाऊन, वर घर. नाना सत्तरीचे, सडपातळ, पांढरा सदरा. त्यांची सून वैशालीवहिनी, बोलायला फटकळ. मुलगा नाशिकला नोकरीला.

सेट गोडाऊनमधल्या टेबलावर ठेवला. मागे भोंगे रचलेले, दोऱ्या, कनातींचे गठ्ठे. टेबलाशेजारी लोखंडी खुर्ची, तिच्यावर पोत्याची गादी. मी बसायला गेलो तर नाना म्हणाले, "ती अक्काची. बस, काही हरकत नाही."

मी उभाच राहिलो.

सेट चालू केला. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. तार लाल झाली... आणि भूं. त्यावर वरून बारीक झर्र.  तोच सेट, तेच सगळं, सकाळी सातला जळगावात चिडीचूप होता.

नाना म्हणाले, "ऐकू येस ना? का म्हताऱ्याचे कान वाजतात?"

"येतं नाना."

"चला, तेवढं तरी मान्य झालं."

पहिली शंका मला घरातल्या माणसांवर आली, हे कबूल करतो. कोणीतरी मुद्दाम काही करतंय. वहिनींना गोडाऊन रिकामं हवं होतं, हे त्या चहा देतानाच बोलल्या होत्या. मी टेबलाखाली वाकून बघितलं, भोंग्यांमध्ये हात घातला — मोबाईलचा छोटा स्पीकर कुठे लपवलाय का. वहिनी दारातून बघत होत्या.

"माझ्यावर शंका घेताय ना?" त्या म्हणाल्या. "घ्या. पण रांगेत उभे राहा, तुमच्या आधी नाना आहेत."

"तसं नाही वहिनी—"

"तसंच आहे. आत्याबाईंचं सामान मी टाकून देईन म्हणून ते रोज खाली येऊन मोजतात. आणि आवाजाचं म्हणाल तर मला त्यात नवल वाटत नाही. आत्याबाई अशाच गुणगुणायच्या."

मी म्हटलं, म्हणजे?

मग नानांनी सांगितलं. यात्रेत हरवलेली पोरं पोलीस आणि लोक नानांच्या मंडपात आणून बसवायचे. अक्का माइकवर. पोर रडून रडून लाल झालेलं, नाव विचारलं तर आणखी रडणार. म्हणून अक्का आधी काही विचारायचीच नाही. पोराला मांडीशी घ्यायची, तोंड माइकजवळ, आणि ओठ मिटून नुसतं हूं... हूं... करत राहायची. सगळ्या यात्रेला ते भोंग्यातून ऐकू जायचं. ज्यांचं पोर हरवलंय ते आईबाप तो आवाज ऐकला की मंडपाकडे पळायचे. आणि पोरही हळूहळू गप्प व्हायचं. मग ती तीन प्रश्न विचारायची. नाव काय शे? गाव कोनतं शे? कोनासंगे उना, म्हणजे कोणासोबत आलास? तिन्हीची उत्तरं मिळेपर्यंत मधे मधे तिचं हूं चालूच.

"एकदा एक पोरगं दोन तास बोललं नाही," नाना म्हणाले. "तीबी दोन तास थांबनी नही. आम्ही म्हटलं अक्का, पानी तरी पी. तर हातानेच गप बसा म्हणे."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी माणसं बोलतात. मला वेळ नव्हता. मी मीटर काढला.

आणि पंधरा मिनिटांत मला सापडलं. निदान मला तसं वाटलं. भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक, अर्थचं, मेलेलं होतं. वायर मागे कधीतरी उंदरांनी कुरतडलेली. जळगावात आमच्या टेबलाला अर्थ पक्का, म्हणून तिथे सेट शांत. इथे अर्थ नाही, म्हणून आवाज. इतकं सरळ. मला हसू आलं. चाचांचं वाक्य आठवलं. पहले अर्थ लाव. मी मात्र दोन खेपा सेटच उघडत बसलो होतो.

मीटरबोर्डापासून नवी वायर ओढली. नानांना म्हटलं, आता ऐका.

सेट तापला. झर्र गेला होता. पूर्ण गेला होता.

भूं तसाच, आणि खरं तर अर्थाने जायला हवा होता तो हाच.

आता यापुढचं जसं झालं तसं लिहितो. मधे काही घालत नाही.

अशा वेळी रीत अशी, की पुढून एकेक व्हॉल्व्ह काढायचा. ज्याच्या काढण्याने आवाज थांबेल, त्याच्या आधी दोष. काम करताना डावा हात खिशात — हे चाचांनी पहिल्या महिन्यात मारून शिकवलं. आत साडेतीनशे व्होल्ट असतो. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. तर डावा हात खिशात, उजव्या हातात फडकं, आणि पहिला माइकचा व्हॉल्व्ह काढला. भूं. दुसरा काढला. भूं. मग शेवटचे दोन मोठे, जे स्पीकर चालवतात. ते काढल्यावर स्पीकरमधून आवाज येण्याचा रस्ताच राहत नाही.

भूं.

स्पीकरची वायर सोडली. भूं.

मी पेचकसाची मूठ कानाला लावली आणि टोक ट्रान्सफॉर्मरवर टेकवलं. हीपण आमची रीत. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल असल्या की तो स्वतःच गुणगुणतो. जरासा आवाज लागला. माझा जीव भांड्यात पडला. नानांना म्हटलं, "पट्ट्या सैल आहेत. बोल्ट आवळतो, झालं."

मी पाना काढायला पिशवीत वाकलो आणि लाईट गेली.

दुपारचे दोन-सव्वादोन. पंखा मंदावला, थांबला. समोरच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफड करत थांबला. वरून वहिनी ओरडल्या, "गेली का तुमची पण?" इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यापासूनच बसलेली होती, हे मी नंतर स्वतः वर जाऊन पाहिलं. सगळी गल्ली शांत.

आणि भूं चालू.

पहिला विचार — कंडेन्सरमध्ये करंट उरला असेल. दहा-वीस सेकंद उरतो. थांबलो. मिनिट गेला. मी प्लग भिंतीतून उपसला आणि हातात धरला. दुसऱ्या हाताने... नाही, तो हात खिशातच होता. प्लग टेबलावर ठेवला, मीटर घेतला, कंडेन्सरवर टेकवला. काटा शून्यावर. दुसऱ्यावर. शून्य.

प्लगच्या पिना माझ्या समोर पडलेल्या. चारही व्हॉल्व्ह फडक्यावर ओळीने ठेवलेले. सेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आणि त्यातून आवाज येतोय. नानांकडे बघितलं तर ते घाबरलेले नव्हते. याचाच मला राग आला.

"नाना, हे तुम्ही करताय का?"

"मी काय करू भाऊ? मना हात आठे शेत," म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मग कोण करतंय?"

ते सेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अक्का समोरचं पोर बोलेपर्यंत थांबायची नाही. आता इथे समोर कोण आहे? मी तर याच गावचा. मला ती काय विचारणार?" आणि माझ्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, जसं लहान पोराशी बोलतात तसं: "नाव काय शे तुनं?"

मला वाटलं म्हातारा माझी थट्टा करतोय. मी चिडूनच म्हणालो, "बालाजी."

भूं.

"गाव कोनतं शे?"

"नांदेड."

भूं. जरा मोठा झाला, असं मला वाटलं. वाटलं म्हणतोय. मीटर नव्हता लावला.

नाना म्हणाले, "नांदेड जिल्हा झाला. अक्का जिल्हा घेत नव्हती. जळगावहून आलेलं पोर नुसतं जळगाव म्हणालं तर ती म्हणायची, जळगाव मोठं आहे बाळा, तुझी गल्ली सांग."

इथे मला एक गोष्ट लिहावी लागणार आहे जी मी तेरा वर्षं कोणाला सांगितली नव्हती. मी नांदेड शहरातला नाही. चौदाव्या वर्षी मी मामाचा टेपरेकॉर्डर उघडला आणि मला तो परत जोडता आला नाही. मामा चारचौघांत फार बोलला, आईला बोलला. आम्ही मामाकडेच राहत होतो, वडील नव्हते. आठवीतलं पुस्तक आणि तो सुटा टेपरेकॉर्डर तसाच ठेवून मी निघालो. दोन वर्षं इकडे-तिकडे, मग केळीच्या गाड्या. चाचांना सांगितलं, नांदेडचा आहे, घरी कोणी नाही. पहिल्या वर्षी लाज वाटत होती म्हणून कळवलं नाही. नंतर भीती, की आता काय तोंडाने. नंतर सवयच झाली. चाचांनी घर दिलं त्याच्या बदल्यात मी त्यांना खोटं दिलं होतं, हे रोज जेवताना घशात असायचं.

मी म्हणालो, "टाकळी. देगलूरच्या पुढे, हद्दीला. मारुतीच्या मागची गल्ली."

"कोनासंगे उना?"

"एकटाच आलो."

भूं.

"एकटं कोणी येत नाही. घरी कोण शे?"

माझा डावा हात खिशात होता. तो बाहेर काढता येईना. मी म्हणालो, "आई आहे."

आवाज थांबला.

कंडेन्सर रिकामा होतो तेव्हा आवाज हळूहळू बारीक होत जातो, हे मी हजारदा ऐकलंय. हा तसा थांबला नाही. गुणगुणणारं माणूस ओठ उघडतं तेव्हा जसा तुटतो, तसा तुटला. गल्लीत कुठेतरी कोंबडी ओरडत होती, तेवढंच.

नाना लोखंडी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "बस आता. उभा किती राहशील?"

मी बसलो.

वीस-पंचवीस मिनिटांनी लाईट आली. व्हॉल्व्ह बसवले, स्पीकर जोडला, सेट चालू केला. नुसती सळसळ, चांगल्या सेटची असते तेवढी. बोल्ट आवळलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत बसलो. आवाज नाही. वहिनी खाली येऊन म्हणाल्या, "जमलं वाटतं. काय होतं?"

"अर्थ नव्हता," मी म्हणालो.

"इतकंच?"

"इतकंच."

नानांनी जळगावला फोन लावला, मोठ्याने. "गफ्फारभाई, मी बोललो ते विसरा. तुमचा माणूस चांगला तयार झालाय." पलीकडून चाचांचं हसू ऐकू आलं. मी दोरीचे गठ्ठे मोजत असल्यासारखं केलं.

आता माझ्या शंका.

दुसऱ्या दिवशी जळगावला गेलो आणि चाचांना सगळं सांगितलं, गावासकट. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नांदेड बोलताना तू खाली बघितलं होतंस. अर्थ सुटलेला सेट थोडा आवाज करतोच, बेटा. मी काय दर वेळी खोलून बघू?"

म्हणजे चाचांना माहीत होतं. मग माझी शंका त्यांच्यावर गेली. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून रचलं असेल — मला धुळ्याला पाठवायचं, नानांनी विचारायचं. पण चाचांचा फोन बटणांचा, आणि नंबर त्यांना दिसत नाहीत. त्यांचा प्रत्येक फोन मी लावून देतो. नानांशी त्यांचं जे बोलणं झालं ते सगळं माझ्यासमोर. तरी मी त्यांच्या शेजारच्या पानवाल्याला विचारून आलो, चाचांनी तुझ्या फोनवरून कुठे लावला होता का. तो म्हणाला, "तू पोलिसात लागलास का रे नांदेड?"

बरं, रचलंही असेल. मग लाईट गेल्यावर, व्हॉल्व्ह बाहेर असताना, प्लग उपसलेला असताना — आवाज कसा रचला? सेट मी स्वतः मांडीवर घेऊन आलो होतो. आत लपवलेलं काही असतं तर जळगावातच दिसलं असतं. नंतर धुळ्याला जाऊन मी गोडाऊनचा कोपरा न कोपरा बघितला. नाना खुर्चीवर बसून बघत होते. "सापडलं तर मलाही सांग," म्हणाले.

नाना म्हणतात, सेट दोन खेपा परत गेला तो तुला आणण्यासाठी. मी तसं म्हणत नाही. मी म्हणतो दोन खेपा अर्थ तुटलेला होता. तिसऱ्या खेपेचं मला माहीत नाही.

सेट यात्रेत वाजला. मी सोबत होतो. हरवलेली चार पोरं आली, चौघांचे आईबाप सापडले. माइकवर वैशालीवहिनी होत्या, आणि त्यांना हूं करायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्या करत होत्या. सेट सगळा दिवस शांत.

एक गोष्ट राहिली. यात्रेनंतर पंधरा दिवसांनी मी फेसबुकवर सातवीत माझ्याबरोबर असलेल्या एका पोराला शोधून काढलं. त्याने टाकळीतल्या एका दुकानाचा नंबर दिला. दुपारी चाचांच्या टेबलावरून लावला. चाचा शेजारी. दुकानदाराने आईला बोलावून आणलं. मी नाव सांगितलं. पलीकडून कितीतरी वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग मी कुठे आहे, कोणाकडे आहे, सांगत गेलो, घाबरत, तुटक तुटक. आणि आई मधे एक शब्द बोलत नव्हती. नुसती हं... हं... करत होती. मी थांबलो की हं. बोलायला लागलो तरी हं.

तो तोच आवाज होता असं मी म्हणत नाही. माझा कान तयार आहे, मी खोटं बोलणार नाही. फोनवर सूर नीट कळत नाही. पण चाचांनी, ज्यांना दिसत नाही आणि म्हणून फार ऐकू येतं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ये भूं कहाँ से आ रहा है?"

मी म्हणालो, आई आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी व्हॉल्व्हच्या सेटचा जाणकार असेल तर कृपा करून सांगा. लाईट नाही, प्लग नाही, व्हॉल्व्ह नाही, कंडेन्सरवर शून्य — असा सेट आवाज करू शकतो का? मी पुष्कळ डोकं लावलं. त्या दिवशी धुळ्यात अर्थ मी स्वतःच्या हाताने लावला होता. अजून मला लागलेला नाही.